कातडे ते चामडे : प्रक्रिया, उपयोग आणि कमावणाऱ्या हातांचा प्रश्न

वस्तीतल्या मुलांच्या एका शिबिरात नोंदणीचे फॉर्म तपासत होते. एका मुलाने वडिलांच्या व्यवसायापुढे 'खाजगी नोकरी' असे लिहिले होते. त्याचे वडील घरी चपला बनवतात, हे मला ठाऊक होते. बाजूला घेऊन विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "ताई, फॉर्म सगळ्यांसमोर वाचतात ना." बाहेर मैदानावर मुले सीझन बॉलने खेळत होती. तो बॉलही चामड्याचाच होता आणि त्याला हात लावायला कुणालाच संकोच वाटत नव्हता.

चामड्याची वस्तू सर्वांना चालते, पण चामडे कमावणारा चालत नाही. ही विसंगती समजून घ्यायची तर आधी चामडे कसे तयार होते आणि ते कुठे कुठे वापरले जाते, हे नीट माहीत हवे. आपल्या तरुण कार्यकर्त्यांसाठी ही माहिती येथे एकत्र देत आहे.

कातडे आणि चामडे यांत फरक काय?

जनावराच्या अंगावरून काढलेले ते कातडे. ते तसेच ठेवले तर एक-दोन दिवसांत सडू लागते. नुसते वाळवले तर लाकडासारखे कडक होते आणि भिजले की पुन्हा कुजते. कातड्याच्या मधल्या थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. या तंतूंना टॅनिन किंवा क्रोमियमच्या क्षारांनी बांधून टाकले की कातडे सडत नाही, मऊ राहते आणि वर्षानुवर्षे टिकते. या क्रियेला 'कमावणे' म्हणतात. कमावलेले कातडे म्हणजे चामडे.

आपल्या भाषेत हाच शब्द पैसे मिळवण्यासाठीही वापरला जातो. सडणाऱ्या वस्तूतून टिकाऊ वस्तू निर्माण करणे ही मोठी कमाई आहे, पण तिचे श्रेय कमावणाऱ्याला क्वचितच मिळाले.

कमावण्याच्या पायऱ्या

पारंपरिक पद्धत साधारण अशी आहे.

१. मीठ लावणे : कातडे लगेच कमवायचे नसेल तर मीठ चोळून ठेवतात. मीठ पाणी शोषून घेते आणि सडणे लांबते.

२. भिजवणे : रक्त, मीठ, माती निघून जावी आणि कातडे पुन्हा मऊ व्हावे म्हणून ते पाण्यात ठेवतात.

३. चुना : चुन्याच्या हौदात कातडे काही दिवस ठेवले की केस सैल होतात आणि तंतू फुगून मोकळे होतात. कारखान्यात चुन्याबरोबर सोडियम सल्फाइड वापरतात, त्यामुळे हे काम लवकर होते.

४. खरवडणे : एका बाजूचे केस आणि दुसऱ्या बाजूचे मांस-चरबी सुरीने काढून टाकतात. हे सर्वांत कष्टाचे आणि कौशल्याचे काम. हात जरा चुकला तर कातड्याला भोक पडते आणि त्याची किंमत जाते.

५. चुना काढणे : कातडे पुन्हा पुन्हा धुऊन त्यातला चुना घालवतात.

६. कमावणे : बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांत टॅनिन असते. यांच्या अर्कात कातडे मुरवत ठेवतात. काही ठिकाणी कातडेच पिशवीसारखे शिवून त्यात साल आणि पाणी भरतात आणि ते टांगून ठेवतात. अर्क हळूहळू कातड्यातून झिरपतो. या कामाला काही आठवडे लागतात, जाड कातड्याला त्याहून जास्त.

७. तेल आणि घोटाई : वाळताना चामडे कडक होऊ नये म्हणून तेल किंवा चरबी चोळतात, मग घोटून सपाट करतात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमचे क्षार वापरून कमावण्याची पद्धत आली. सालीला जिथे आठवडे लागत, तिथे हे काम एखाद्या दिवसात होऊ लागले. क्रोमने कमावलेले ओले चामडे निळसर दिसते, म्हणून व्यापारात त्याला 'वेट ब्लू' म्हणतात. आज जगातले बहुतेक चामडे याच पद्धतीने तयार होते. बूट, पर्स, जाकिटे यांना लागणारे मऊ चामडे बहुधा क्रोमचे असते. कोल्हापुरी चपलेसारख्या वस्तूला लागणारे टणक चामडे मात्र सालीच्या अर्कातच कमावतात.

गावगाड्यात चामडे

यंत्रे येण्याआधी गावाचे जवळजवळ प्रत्येक काम चामड्यावर अवलंबून होते. विहिरीचे पाणी चामड्याच्या मोटेने निघत असे. मोट फाटली की पिकाचे पाणी थांबायचे. बैलावर किंवा रेड्यावर पखाल लादून पाणी वाहिले जाई. तेला-तुपासाठी चामड्याचे बुधले होते. लोहाराचा भाता, बैलाच्या गळ्यातला पट्टा, घोड्याचे खोगीर, शेतकऱ्याचा आसूड, शिपायाची ढाल, तलवारीचे म्यान आणि प्रत्येकाच्या पायातली वहाण, या सगळ्यांना चामडे लागायचे.

संगीतही त्याशिवाय उभे राहत नाही. हलगी, डफ, ढोलकी, संबळ, पखवाज, तबला या सर्वांना कातड्याचे तोंड असते. तबल्याची पुडी शेळीच्या कातड्याची असते आणि ती ताणून धरणारी वादीही कातड्याचीच. देवळातला पखवाज पवित्र आणि त्यावर कातडे चढवणारा अपवित्र, हा हिशेब कोणत्याही तर्कात बसत नाही.

आज मोट गेली, पण चामडे गेले नाही. वेल्डिंग करणाऱ्या कामगाराचे हातमोजे आणि ॲप्रन चामड्याचे असतात, कारण ठिणगी पडली तरी ते प्लास्टिकसारखे वितळत नाही. क्रिकेटच्या चेंडूचे आवरण, पट्टे, पाकिटे, बूट, गाड्यांच्या सीट हे तर रोजचे आहे. कातडी आणि हाडे यांपासून जिलेटिन बनते; औषधाच्या कितीतरी कॅप्सूलचे कवच त्याचेच असते. सुताराचा जुना सरसही यातूनच तयार होई. म्हणजे स्वतःला चामड्यापासून दूर समजणारा माणूससुद्धा ते नकळत पोटात घेतो.

एक काम, चार जाती

या एका वस्तूभोवती जातिव्यवस्थेने कामाची वाटणी केली. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे महारांवर लादले. कातडे कमावण्याचे काम ढोरांकडे, त्याच्या वहाणा आणि मोटा शिवणे चांभारांकडे, दोर वळणे आणि हलगी वाजवणे मांगांकडे. प्रदेशानुसार यात थोडा फरक होता. ओढणारा, कमावणारा, शिवणारा आणि वाजवणारा हे चौघे मिळून गावाची गरज भागवत होते. तरीही चौघांची वस्ती वेगळी, पाणवठा वेगळा आणि आपापसात रोटी-बेटी बंद. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. प्रत्येकाला स्वतःच्या खाली कुणीतरी दाखवले, म्हणून सगळे मिळून वर बघू शकले नाहीत.

पळवणकर बाळू यांचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. चर्मकार समाजात जन्मलेला हा डावखुरा गोलंदाज १९११च्या इंग्लंड दौऱ्यावर गेला आणि तिथे त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात खेळताना मात्र चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळत असे. त्याने टाकलेला चामड्याचा चेंडू सवर्ण खेळाडू दोन्ही हातांनी झेलत होते, पण त्याच्या हातचा कप त्यांना चालत नव्हता.

विनयपिटक काय सांगते?

विनयपिटकाच्या महावग्गात 'चम्मक्खन्धक' म्हणजे चामड्यावरचे एक संपूर्ण प्रकरण आहे. सोण कोळिविस हा श्रीमंत घरातला तरुण भिक्खू झाला. अनवाणी चंक्रमण करून त्याचे पाय फुटले, जमीन रक्ताने माखली. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला देऊन मध्यम मार्ग समजावला आणि एका तळाची चप्पल वापरण्याची मुभा दिली. सोण म्हणाला की मला एकट्याला सवलत नको. संघाला असेल तरच मी घेईन. तेव्हा ती मुभा सर्व भिक्खूंना मिळाली. पुढे अवंती-दक्षिणापथाची जमीन खडबडीत असल्यामुळे तिथल्या भिक्खूंना जाड तळाच्या चपला आणि मेंढी, शेळी, हरिण यांची कातडी अंथरायला परवानगी मिळाली. याच प्रकरणात एक वाईट प्रसंगही आहे. एका भिक्खूला वासराच्या कातड्याचा मोह झाला आणि त्यापायी त्या वासराचा जीव गेला. त्यानंतर गाईचे कातडे वापरण्यावर बंदी आली.

या चर्चेचा रोख पाहा. गरज किती, डामडौल किती आणि हिंसा किती, हे प्रश्न त्यात आहेत. कातड्याने विटाळ होतो का, हा प्रश्नच नाही. विनयात आणखी एक नियम आहे. भिक्खूने दुसऱ्याला जात किंवा धंदा काढून हिणवले तर तो पाचित्तिय दोष ठरतो. समाज ज्यांना हीन समजत असे त्या धंद्यांच्या यादीत तिथे चर्मकाराचे शिल्प स्पष्टपणे आले आहे. समाज हीन समजतो हे मान्य करूनही, त्यावरून कुणाला बोलणे हाच अपराध, असा तो नियम आहे.

बाबासाहेबांनी नाकारले ते काय?

मार्च १९२७च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आणि स्वाभिमानाने जगण्याचे आवाहन केले. मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडण्याची चळवळ त्यातून वाढली. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी महार वतन १९१८ मध्येच रद्द केले होते. राज्यभरात कनिष्ठ गाव वतने संपवणारा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला.

ढोरे ओढणे सोडल्याने कातडे, शिंगे आणि हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब तेव्हा 'केसरी'त मांडला गेला होता. १५ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा उल्लेख केला आणि इज्जत ही फायद्यापेक्षा मोठी, हे सांगितले. त्यांनी नाकारली ती सक्ती: जन्मावरून लादलेले, मोबदला नसलेले, नकार द्यायची सोय नसलेले काम. कौशल्याला किंवा ते काम करून पोट भरणाऱ्या माणसाला त्यांनी कमी लेखले नाही. आपल्यातले काही जण इथे गल्लत करतात. आपण ते काम सोडले याचा अभिमान जरूर असावा, पण जे अजून त्या कामात आहेत त्यांच्याकडे तुच्छतेने बघण्याचा परवाना म्हणजे तो अभिमान नव्हे.

आजचे प्रश्न

११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उनाजवळच्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर गुजरातेत अनेकांनी मेलेली जनावरे उचलणे बंद केले आणि जमिनीची मागणी पुढे आणली. त्या पीडित कुटुंबाने एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. कार्यकर्त्यांनी हेही लक्षात ठेवावे की अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मृत जनावर उचलायला किंवा वाहायला लावणे हा आता कलम ३(१)खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आणि दंड आहे. गावात "तुमचेच काम आहे" असे कुणी म्हणाले तर हे कलम दाखवता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न आरोग्याचा. एक टन कच्च्या कातड्यामागे सुमारे ३० ते ४० हजार लिटर पाणी लागते आणि तयार चामडे निघते जेमतेम पाव टन. बाकी सांडपाणी आणि कचरा. सल्फाइडचे पाणी आम्लात मिसळले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. टाकी साफ करायला उतरलेल्या कामगाराचा त्यात जीव जाऊ शकतो. तमिळनाडूतल्या टॅनरींच्या प्रदूषणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर प्रकरणात निकाल दिला आणि 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व लागू केले. नदी वाचवण्याची भाषा करताना टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या हातमोज्यांची आणि मास्कचीही भाषा आपण केली पाहिजे.

तिसरा प्रश्न मालकीचा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातले आणि बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर हे कर्नाटकातले, असे आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखवल्या. टीका झाल्यावर त्यांनी या परंपरेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. नाव मिळाले हे चांगलेच झाले. पण तळ ठोकणाऱ्या कारागिराला आणि घरी बसून वेणी विणणाऱ्या बाईला त्या किमतीतले किती मिळते, हा प्रश्न तसाच आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्या भागातल्या कारागिरांना मानांकनाच्या नोंदणीची आणि संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या योजनांची माहिती द्यावी, फॉर्म भरायला मदत करावी. शिकणाऱ्या मुलांना सांगावे की चामड्याचे तंत्रज्ञान हा अभियांत्रिकीचा विषय आहे आणि चेन्नईत १९४८ पासून त्यासाठी केंद्रीय संशोधन संस्था आहे. जयंतीच्या, वर्षावासाच्या कार्यक्रमांना ढोर, चर्मकार आणि मातंग वस्त्यांतल्या कुटुंबांना नुसते बोलावू नये, आयोजनातही सोबत घ्यावे.

आणि शिबिराच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारायचाच असेल, तर तो सगळ्यांसमोर वाचू नये. आमच्या शिबिरात आम्ही ते वाचन बंद केले आहे. त्या मुलाच्या वडिलांना पुढच्या शिबिरात बोलावून चप्पल कशी शिवतात हे दाखवायला सांगावे, असे आमचे ठरले आहे. बोलवायचे की नाही, हे मात्र आधी त्या मुलाला विचारणार आहोत.