महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील पाठभेद-नोंद

महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील पाठभेद-नोंद ही हस्तलिखितांमधील परस्परविरोधी पाठ एकाच पृष्ठावर दाखवण्याची पद्धती आहे. ही आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केली. तिच्यात स्वीकारलेली संहिता वर, तर नाकारलेले पाठ हस्तलिखितांच्या निर्देशासह तळटिपांत छापले आहेत.

पार्श्वभूमी
प्रकल्पाचा आरंभ १९१९ मध्ये झाला. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये प्रमुख संपादक झाले. आदिपर्वाच्या (१९३३) प्रस्तावनेत त्यांनी संपादनाची तत्त्वे मांडली. १९४३ मध्ये त्यांच्या निधनानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर व पुढे परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी हे काम पाहिले. एकूण १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध झालेल्या या आवृत्तीची पूर्तता राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी २२ सप्टेंबर १९६६ रोजी पुण्यात जाहीर केली.

तुलनेची रीत
प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र तक्ता असे. माथ्यावर नीलकंठाच्या टीकेसोबतचा प्रचलित पाठ एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे लिहीत. प्रत्येक हस्तलिखितातील निराळी अक्षरे त्याखालील संबंधित चौकटीत नोंदवत. उजवीकडचा रकाना खाडाखोड व समासातील मजकुरावरील शेऱ्यांसाठी असे. प्रचलित पाठ येथे केवळ तुलनेचे माप होता. तोच ग्राह्य, असे गृहीत धरलेले नव्हते.

खुणा
संहितेतील कमी निश्चित शब्दांखाली नागमोडी रेघ असते. काहीच हस्तलिखितांत आढळणाऱ्या जादा ओळी तारांकित क्रमांकाने तळटिपांत येतात. दीर्घ उतारे परिशिष्टात जातात.

परिणाम
गणेशाने महाभारत लिहून घेतल्याची कथा परिशिष्टात गेली. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात वस्त्रहरणप्रसंगी द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याच्या ओळी मुख्य संहितेत नाहीत. मात्र वगळलेला मजकूर पुराव्यासह छापलेला असल्याने संपादकाचा निर्णय वाचकाला तपासता येतो.

संगणकीय पद्धतीशी तुलना
गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळे बदल केल्यास दोन्ही पाठ खुणांमध्ये दाखवले जातात. ‘डिफ३’ शैलीत त्यांचा समान पूर्वपाठही दिसतो. महाभारताचा असा पूर्वपाठ उपलब्ध नाही. परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या हस्तलिखित-परंपरांच्या एकवाक्यतेवरून त्याचे अनुमान करावे लागते.