आनंदीबाईंची तयारी आणि आपल्या लेकींची

मेहरूण आणि आजूबाजूच्या बचत गटांच्या वतीने आम्ही बोलतोय. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो निघाला गटाच्या मासिक बैठकीतून. आमच्या एका गटातल्या ताईंची लेक कॉलेजात शिकते. तिच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका कॉलेजशी करार आहे, म्हणून एक सत्र, म्हणजे साधारण पाच महिने, तिला तिकडे शिकायला मिळणार आहे. तिकडची फी भरायची नाही, पण तिकीट, व्हिसा, गरम कपडे, राहणं-खाणं आलंच. ताईंनी गटाकडे चाळीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कर्जाचं बोलणं बाजूलाच राहिलं आणि भलतेच प्रश्न निघाले. एकटी पोरगी कशी जाईल? इथे शिकायला काय कमी आहे? तिकडे काही झालं तर कोण बघेल? आणि परत आल्यावर लोक काय म्हणतील?

हेच प्रश्न एका मराठी मुलीला १८८३ साली विचारले गेले होते, आणि तिने भर सभेत उभं राहून त्यांची उत्तरं दिली होती. ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि लवकर वारल्या, एवढं आपण सांगू शकतो. पण त्या निघाल्या कशा, त्यांच्या जाण्यासाठी कुणी काय काय केलं आणि काय करायचं राहून गेलं, हे फारसं बोललं जात नाही. आज तेच बोलू.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी वयाने खूप मोठे, टपाल खात्यात नोकरीला. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बाईच्या दुखण्याला बाई डॉक्टर हवी, हे त्यांना तिथे कळलं. गोपाळराव हट्टी माणूस. बायकोने शिकलंच पाहिजे म्हणून प्रसंगी तिला मारणारा. त्यांचं कौतुक करताना ही गोष्ट झाकू नये, असं आम्हाला वाटतं. पण बदलीच्या गावोगावी तिच्या शिक्षणासाठी खटपट केली ती त्यांनीच.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत कराल का म्हणून. मिशनऱ्याने धर्म बदलण्याची गोष्ट काढली. ती काही यांना मान्य नव्हती. पण ती पत्रं अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, समोरचं मासिक सहज चाळलं, आणि ती पत्रं वाचली. घरी येऊन त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र टाकलं. तिथून दोघींची पत्रं सुरू झाली. कार्पेंटरबाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या. मैत्रिणींनो, परदेशातलं हे पहिलं घर एका पत्राने मिळालं, आणि तेही निघायच्या दोन-तीन वर्षं आधी. मुक्कामाच्या गावी ओळखीचं एक दार असणं, ही तयारीतली सर्वांत मोठी गोष्ट होती.

पुढे गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली. आधी कलकत्ता, मग जवळचं श्रीरामपूर. नवरा-बायको उघडपणे बरोबर फिरतात, बायको चपला-मोजे घालते, म्हणून रस्त्यात लोक हसायचे, बोटं दाखवायचे. अमेरिकेला जाण्याची बातमी फुटली तेव्हा तर विचारायलाच नको. म्हणून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. वय अठराला महिना कमी.

लोक विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले. अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकणार नाहीत का? तिकडे संकट आलं तर काय? आणि कुठल्याच बाईने केलं नाही ते मीच का करावं?

उत्तरं सरळ होती. या देशाला बाई डॉक्टरांची गरज आहे. इथे सुईणकामाचे वर्ग आहेत, पण ते शिक्षण अपुरं. एकटी जाते कारण दोघांचा खर्च झेपणार नाही, नवऱ्यावर म्हाताऱ्या आईची आणि धाकट्या भावांची जबाबदारी आहे. हे वाक्य आपल्या गटातल्या कुठल्याही बाईने म्हणावं इतकं घरचं आहे. संकटाचं म्हणाल, तर ते घरी बसूनही येतं. आणि जातीबाहेर टाकण्याबद्दल त्या म्हणाल्या, मी तिकडे आपल्या रीतीप्रमाणेच राहीन, आपलंच खाईन, आपलाच पोशाख करीन. हे त्यांचं जाहीर वचन होतं. ते लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येऊ.

भाषणाची बातमी पसरली, मदत येऊ लागली. व्हाइसरॉयनेही दोनशे रुपये दिले. तरी प्रवासाला पैसे कमीच होते, म्हणून सोन्याच्या बांगड्या विकल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ नावाच्या बोटीने निघाल्या. सोबतीला मिशनरी बायका होत्या, ओळखीचं माणूस एकही नाही. ४ जूनला न्यूयॉर्क आलं. जवळपास दोन महिने पाण्यावर. बंदरावर घ्यायला कार्पेंटरमावशी स्वतः उभ्या होत्या.

उन्हाळा त्यांनी मावशीच्या घरी काढला. आज परदेशी कॉलेजं नव्या मुलांना आठवडाभर आधी बोलावून गाव, बस, बँक दाखवतात. आनंदीबाईंना ते मावशीच्या स्वयंपाकघरात मिळालं. मग फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश झाला. कॉलेजने तीन वर्षांसाठी मिळून सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. प्रमुख होत्या रॅचेल बॉडली. जपान आणि सीरियाहून आलेल्या मुलीही तिथे शिकत होत्या. तिघी आपापल्या देशाच्या वेशात बसल्या आहेत, असा १८८५ चा फोटो आहे. कुठे मिळाला तर गटात जरूर दाखवा.

पैसा झाला, घर झालं, सोबत झाली, लोकांना उत्तरंही देऊन झाली. राहिलं ते शरीर. कलकत्त्यातच आनंदीबाईंना अशक्तपणा होता, सतत डोकं दुखायचं, मधूनच ताप यायचा, कधी दम लागायचा. मावशीने अमेरिकेहून औषधं पाठवली होती, पण गुण आला नव्हता. म्हणजे निघाल्या त्याच आजारी. पुढे फिलाडेल्फियाची थंडी. नऊवारीत पायाच्या पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळिसाला जातो, आपल्याला ते बरंच वाटेल, बर्फात नाही. शेवटी गोपाळरावांची संमती घेऊन त्या परकर घालून गुजराती पद्धतीची साडी नेसू लागल्या. बघा, थंडी वाजते म्हणून साडीची पद्धत बदलायची, तर त्यालाही हजारो मैलांवरून परवानगी. खाणं मात्र वचनाप्रमाणे. परक्या गावात, शाकाहारी, अभ्यासाचा ताण, आणि त्यात घटसर्प झाला.

तरी ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात बायकांच्या विभागाची जागा त्यांना देऊ केली होती. नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिना होता. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. त्यांची रक्षा कार्पेंटरमावशीकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यात पुकीप्सी गावी मावशीच्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिच्यावर दगड उभा आहे.

क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं, त्यामुळे दूध-अंडी खाल्ली असती तर वाचल्या असत्या, असं आम्ही म्हणणार नाही. शिवाय आपली रीत पाळणं त्यांच्या स्वतःच्या अभिमानाचंही होतं. पण अठरा वर्षांच्या आजारी मुलीला जाण्याची किंमत म्हणून असं वचन द्यावं लागलं, हे आम्हाला खटकतं. कारण आमच्या बैठकीतही तेच चाललं होतं. आजी म्हणत होती, अंड्याला शिवणार नाही अशी शपथ घे. मामा म्हणत होता, जीन्स घालणार नाही म्हण. आम्ही आजीला आनंदीबाईंची ही सगळी गोष्ट सांगितली. आजी बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "शपथ राहू दे. आधी तिचं रक्त तपासून आणा."

तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी. निघायला चार महिने होते, गोळ्या सुरू केल्या. दातांच्या डॉक्टरकडेही नेलं, कारण तिकडे दात दुखला तर खर्च झेपायचा नाही. नेहमीच्या औषधांची इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी घेतली, आरोग्य विमा काढला. पासपोर्टचे कागद आता टपाल कार्यालयातल्या केंद्रातही घेतात. गोपाळरावांना बरं वाटलं असतं. जर्मनीच्या व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आहेत हे दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून तो हिशोब महिन्याला ९९२ युरोचा आहे, म्हणजे जवळपास लाखभर रुपये. शिष्यवृत्ती नसेल तर ही रक्कम आधीच एका बंद खात्यात भरायची, आणि तिथे गेल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कम बाहेर येते. म्हणजे आपल्या मुदत ठेवीचाच प्रकार, हप्त्याहप्त्याने सुटणारा. या मुलीला अर्धी शिष्यवृत्ती आहे; उरलेलं वडिलांनी आणि बँकेने केलं. तिकीट आणि कपडे गटाच्या कर्जातून. ठराव दोन विरुद्ध अकरा मतांनी झाला.

शिष्यवृत्तीचा कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, तेव्हा परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची असा करार होता. पुढे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७ मध्ये यावं लागलं. अट असणं वाईट नाही, पण ती निघायच्या आधी माहीत हवी.

खाऊचं सांगायचं तर, युरोपात प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत. तूप नाही, पेढे नाहीत. ताज्या बहुतेक फळांनाही कागद लागतो, त्यामुळे मेहरूणची बोरं इथेच. काळा मसाला, बिबडे, डाळ, कळण्याचं पीठ चालतं. पुडीवर काय आहे ते इंग्रजीत लिहून टाका. लोकर मात्र इथून ढीगभर नेऊ नका. खरा जाड कोट तिकडेच वापरलेला स्वस्त मिळतो. आणि आईला व्हिडिओ कॉल लावता आला पाहिजे, हे निघायच्या आधी शिकवा.

आनंदीबाईंच्या मागून ज्या गेल्या त्यांचंही थोडं. रखमाबाईंनी बालपणी लावलेलं लग्न नाकारलं, कोर्टात लढल्या, आणि १८८९ मध्ये लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. त्यांच्यामागे मुंबईच्या डॉक्टर एडिथ पीची आणि इतर अनेकांनी पैसे उभे केले. परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने चालवले. १९५५ पर्यंत जगल्या.

आणि पार्वतीबाई आठवले. हिंगण्याच्या महर्षी कर्व्यांच्या मेहुणी, विधवा, संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा करणाऱ्या. इंग्रजी यावं आणि संस्थेला पैसे मिळावेत म्हणून १९१८ साली, चाळिशी उलटल्यावर, त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी भांडी घासून, घरकाम करून भाषा शिकल्या आणि संस्थेसाठी देणग्या घेऊन १९२० मध्ये परतल्या. आपली हकिगत त्यांनी ‘माझी कहाणी’ या पुस्तकात लिहिली आहे. तालुक्याच्या वाचनालयात विचारून बघा. मिळालं तर दर बैठकीला दोन पानं एकीने मोठ्याने वाचावीत, बाकीच्यांनी ऐकावीत. हप्ते गोळा होईपर्यंत तेवढी सहज होतात.