परवानगीचा क्रमांक

एकच यंत्र अनेकांनी वापरायचे ठरले की प्रश्न उभा राहतो: कोणी कशाला हात लावायचा? संगणकशास्त्रापुढे हा प्रश्न १९६१ नंतर ठळकपणे आला. त्या वर्षी अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने एकाच संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल, अशी व्यवस्था करून दाखवली. तेथे प्रत्येकाला परवलीचा शब्द मिळाला. पण परवलीच्या शब्दाने माणूस ओळखता येतो. त्याला काय करू द्यायचे, ते त्यातून ठरत नाही.

१९७१ मध्ये बटलर लॅम्पसन यांनी या प्रश्नाला तक्त्याचे रूप दिले. आडव्या ओळीत माणसे, उभ्या रकान्यात वस्तू आणि प्रत्येक चौकटीत परवानगी. कल्पना सोपी होती, पण माणसे आणि फायली वाढल्या की हा तक्ता प्रचंड होतो आणि त्यातील बहुतेक चौकटी रिकाम्याच राहतात.

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्स प्रणालीत यावर काटकसरीचा उपाय रूढ झाला. वाचणे म्हणजे ४, लिहिणे म्हणजे २ आणि चालवणे म्हणजे १. मालक, त्याचा गट आणि इतर या तिघांसाठी एकेक अंक. ६४४ याचा अर्थ असा, की मालकाने वाचावे व लिहावे, बाकीच्यांनी फक्त वाचावे. ४, २ आणि १ हे दोनाचे घात असल्यामुळे बेरजेची फोड एकाच प्रकारे होते. ६ म्हणजे ४ आणि २, दुसरे काही नाही.

परंतु नुसते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत. १९७० साली निकलाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेत नावांची यादी लिहिण्याची सोय आली. 'पाहणे, छापणे, दुरुस्त करणे' असे लिहिले, की यंत्र त्यांना ०, १, २ असे क्रमांक देते. याच वर्षी आय.बी.एम. मधील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांत साठवण्याचा सिद्धांत मांडला. त्यांच्या तक्त्यात ओळींच्या क्रमाला काहीच अर्थ नसतो. ओळ शोधायची ती तिच्यातील मूल्यावरून. विर्थ यांच्या यादीत मात्र क्रम हेच सर्वस्व. पुढे या दोन्ही कल्पना एकाच आज्ञावलीत एकत्र नांदू लागल्या आणि अडचण येथेच आहे.

समजा, शाळेच्या निकालासाठी वरील तीन परवानग्यांची आज्ञावली केली. लिपिकाला छापण्याची मुभा आहे. म्हणून साठवलेल्या तक्त्यात त्याच्या नावापुढे १ आहे. पुढे कोणी यादीत 'पाहणे' नंतर 'खोडणे' घातले. आता १ म्हणजे खोडणे! तक्त्यातील एकही अक्षर बदलले नाही, यंत्रानेही चूक दाखवली नाही. पण लिपिकाच्या हाती निकाल खोडण्याचा अधिकार आला.

शिक्षकांना यावरचा उपाय नवा नाही. हजेरीपटावरचा क्रमांक दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरचा क्रमांक बदलत नाही आणि विद्यार्थी शाळा सोडून गेला तरी तो दुसऱ्याला देत नाहीत. परवानगीचा क्रमांकही असाच कायमचा हवा. तो आज्ञावलीत नावापुढे स्पष्ट लिहावा, तक्त्यातही नाव आणि क्रमांक जोडीने ठेवावेत आणि काम सुरू होताना दोन्ही जुळतात की नाही, हे आज्ञावलीनेच तपासावे. रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरू नये.

१९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कून यांनी आणखी एक पायरी सुचवली. परवानगी थेट माणसाला न देता 'वर्गशिक्षक', 'लिपिक' अशा भूमिकेला द्यायची आणि माणसाला भूमिका द्यायची. शिक्षकाची बदली झाली, की एकच नोंद बदलावी लागते. मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले रवी संधू आणि त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये या कल्पनेला नेमकी चौकट दिली.

शाळेच्या ग्रंथालयासाठी असा तक्ता विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करून घ्यावा. मग यादीच्या मध्ये एक नवी परवानगी घालायला सांगावी आणि जुने क्रमांक पुन्हा वाचायला लावावेत. कोणाचे अधिकार वाढले आणि कोणाचे गेले, ते मुले स्वतःच शोधून काढतील.