ताडोबातील कुरणे
चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील (स्थापना 1995) गवताळ माळ. साग-बांबूच्या या वनातली बरीचशी कुरणे मुळात नैसर्गिक नाहीत. नवेगाव, जामणी यांसारख्या पुनर्वसित गावांच्या शेतांवर ती वाढली. चितळ, गवे तेथे चरतात, त्यांच्यामागे वाघ येतो. शेती थांबली की झुडपे माजतात, तरोट्याचे तण पसरते. म्हणून तण उपटणे आणि चाऱ्याची गवते राखणे हे दरवर्षीचे काम. कुरणाला चराईने केवळ हानीच होते, हा समज अपुरा आहे. परिणाम जनावरांची संख्या आणि हंगाम यांवर ठरतो. चराई केवळ वन्यप्राण्यांची नसते: चंद्रपूर-गडचिरोलीतील कुरमार धनगर मेंढ्या घेऊन वनपट्ट्यांत फिरतात. भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईहक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे.