रिसीव्हरबरोबर स्वतंत्र ॲम्प्लिफायर आपोआप सुरू करताना

होम थिएटरचा रिसीव्हर आणि त्याला जोडलेला स्वतंत्र ॲम्प्लिफायर ही दोन वेगळी यंत्रे आहेत. रिसीव्हर रिमोटने सुरू होतो आणि रिमोटनेच निजतो. ॲम्प्लिफायरचे बटण मात्र बहुधा त्याच्या पाठीमागे, भिंतीच्या बाजूला असते. पाच-सात वाहिन्यांचा भार एकट्या रिसीव्हरला पेलवत नाही, म्हणून मोठ्या दिवाणखान्यासाठी पुढच्या दोन स्पीकरांना वेगळा ॲम्प्लिफायर दिला जातो. रिसीव्हरच्या ‘प्री-आउट’मधून ध्वनीचा संकेत त्याच्याकडे जातो, पण ‘आता सुरू हो’ हा आदेश त्या तारेतून जात नाही. परिणामी, चित्रपट संपल्यावर रिसीव्हर बंद होतो आणि ॲम्प्लिफायर रात्रभर तापत राहतो.

त्याची किंमत साधी आकडेमोड सांगते. आवाज नसतानाही एखादा ॲम्प्लिफायर ५० वॅट वीज घेत असेल आणि दिवसाचे २० तास विनाकारण सुरू राहत असेल, तर दररोज एक युनिट, महिन्याला ३० युनिट वाया जातात. वांकिडी, आसिफाबाद, आदिलाबाद या पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा दिवसांत बंद कपाटातील ॲम्प्लिफायरची उष्णता त्याच्या आतील कपॅसिटरांचे आयुष्य कमी करते, हे नुकसान बिलात दिसत नाही.

यावरचा सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे १२ व्होल्टचा ट्रिगर. डेनॉन, मरांट्झ, यामाहा यांच्या वरच्या श्रेणीतील रिसीव्हरांच्या पाठीमागे ‘ट्रिगर आउट’ असे लिहिलेले ३.५ मिलिमीटरचे छोटे छिद्र असते. रिसीव्हर सुरू होताच तेथे १२ व्होल्टचा एकदिश दाब येतो, स्टँडबायमध्ये गेला की तो नाहीसा होतो. ॲम्प्लिफायरच्या ‘ट्रिगर इन’मध्ये ही तार जोडली की त्याच्या आतील रिले मुख्य वीजप्रवाह चालू-बंद करते. तार दोन पदरी, दोन्ही टोकांना मोनो जॅक असलेली, एवढेच पुरे. तिचा आकार हेडफोनच्या जॅकसारखाच असल्यामुळे ती चुकीच्या छिद्रात बसण्याचा संभव असतो, म्हणून जोडताना दोन्हीकडची अक्षरे वाचावीत. ॲम्प्लिफायरच्या मागचे मुख्य बटण चालू ठेवून निवडकळ ‘ट्रिगर’वर आणावी लागते. रिसीव्हरच्या मेन्यूमध्येही ट्रिगर मुख्य खोलीसाठी चालू आहे ना, हे पाहावे. तार बसवूनही काहीच घडत नाही, अशा तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा या दोन ठिकाणी सापडते. ट्रिगरमधून मिळणारा प्रवाह साधारण १०० ते १५० मिलीअँपिअर, म्हणजे केवळ इशाऱ्यापुरता असतो. त्यावर कपाटातला पंखा चालवण्याचा मोह टाळावा.

रिसीव्हरला ट्रिगर नसेल तर? काही ॲम्प्लिफायरांत ‘ऑटो’ ही सोय असते. ध्वनीचा संकेत आला की ते जागे होतात आणि काही मिनिटे शांतता राहिली की बंद होतात. सबवूफरमध्ये हीच सोय वापरली जाते. रात्री आवाज अगदी हळू ठेवला, तर मात्र संकेत पुरेसा मोठा नसल्याने ॲम्प्लिफायर मध्येच झोपी जातो.

जुन्या रिसीव्हरांच्या पाठीमागे एक वीजसॉकेट असे, रिसीव्हरबरोबर चालू-बंद होणारे. त्यावर वॅटची मर्यादा छापलेली असते, ती मोठ्या ॲम्प्लिफायरला अपुरी पडते. पण त्याच सॉकेटमध्ये १२ व्होल्टचा छोटा ॲडॅप्टर लावून त्याची तार ॲम्प्लिफायरच्या ‘ट्रिगर इन’ला देता येते. जॅकच्या टोकाला धन आणि मुळाला ऋण आहे का, हे मल्टिमीटरने आधी तपासावे. प्रस्तुत लेखकाच्या मते जुन्या संचासाठी याहून स्वस्त उपाय नाही.

ॲम्प्लिफायरलाच ट्रिगर नसेल, तर बाहेरून २३० व्होल्टची वाट रिलेने चालू-बंद करावी लागते. येथे घरगुती कारागिरी थांबवावी. मोठा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. त्या धक्क्याने हलक्या रिलेचे किंवा स्वस्त स्मार्ट प्लगचे संपर्क एकमेकांना चिकटून बसतात आणि मग ॲम्प्लिफायर बंदच होत नाही. याच कारणाने घरातील एमसीबीही पडू शकतो. बी प्रकारचा एमसीबी क्षमतेच्या तीन ते पाच पट प्रवाहाला तत्काळ तुटतो, सी प्रकारचा पाच ते दहा पटींना. एमसीबी बदलणे किंवा रिलेची पेटी बसवणे, दोन्ही कामे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचीच.

आता आपल्या गावांतल्या खऱ्या कसोटीकडे. वीज गेली आणि घरी कोणी नसताना परत आली, तर काय होते? साध्या बटणाचा ॲम्प्लिफायर परतलेल्या विजेबरोबर, दाब स्थिरावण्याआधीच सुरू होतो. ट्रिगरच्या जोडणीत रिसीव्हर सहसा स्टँडबायमध्येच परततो, १२ व्होल्ट येत नाहीत आणि ॲम्प्लिफायर बंद राहतो. सगळेच रिसीव्हर असे वागतात असे नाही, म्हणून संच चालू असताना भिंतीवरचे बटण बंद करून मिनिटभराने पुन्हा लावावे आणि काय सुरू होते ते पाहावे. अर्थात दाबाच्या चढउतारावर ट्रिगर हा इलाज नव्हे, त्यासाठी स्टॅबिलायझर वेगळा लागतो.

चालू-बंद करण्याचा क्रमही महत्त्वाचा. ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू व्हावा आणि सर्वांत आधी बंद व्हावा, नाहीतर स्पीकरांतून ‘धप्प’ असा आवाज येतो. ट्रिगर असलेल्या अनेक ॲम्प्लिफायरांत काही सेकंद आवाज रोखून धरण्याची सोय असल्याने ही काळजी मिटते.

ट्रिगरची तार जोडल्यावर स्पीकरांतून सतत गुणगुण ऐकू येऊ लागली, तर ती तार काढून पाहावी. गुणगुण थांबली, तर दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगमध्ये वळसा तयार झाला आहे, असे समजावे. दोन्ही यंत्रे एकाच अर्थिंगयुक्त बोर्डावर आणल्यास दोष बहुधा जातो. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. गुणगुण थांबेलही, पण यंत्रात दोष निर्माण झाल्यास त्याच्या धातूच्या पेटीत वीज उतरेल आणि ती पेटी हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल.