सूत्राशिवाय उत्तर

इंजिनिअरिंगच्या गणितात 'स्टर्म-लिउव्हिल' हे जोडनाव दीडेक पानात उरकलं जातं. व्याख्या, दोन गणितं, पुढचा धडा. हे दोघं कोण, त्यांनी नेमकं केलं काय, हे कुणी सांगत नाही (पेपरात येत नाही ना!). म्हणून म्हटलं, या वीकेंडला तेच लिहावं.

मुळात गोष्ट उष्णतेची. 1822 साली फूरियेचं उष्णतेवरचं पुस्तक आलं. एकसारख्या दांड्याची दोन्ही टोकं बर्फात ठेवली तर आतलं तापमान कसं उतरतं, हे साइन फंक्शन्सची बेरीज करून काढता येतं. टोकांना तापमान शून्य, ही सीमेवरची अट. ती पाळणाऱ्या साइन काही ठराविक आकड्यांनाच मिळतात, अधल्यामधल्या आकड्यांना नाही. हे आकडे म्हणजेच आयगेनव्हॅल्यू. सतारीच्या तारेचं तेच. दोन्ही टोकं बांधलेली, म्हणून सूर ठराविक.

पण दांडा एका टोकाला जाड, दुसरीकडे बारीक असेल तर? मग समीकरणातले सहगुणक जागेप्रमाणे बदलतात आणि साइनची गाडी तिथेच थांबते. उत्तराचं सूत्रच मिळत नाही.

इथे येतो शार्ल स्टर्म. जन्म 1803, जिनिव्हा. वडील 1819 मध्ये गेले, तेव्हापासून शिकवण्या करून घर चालवायचा. पुढे कोलादों या मित्राबरोबर पॅरिसला आला, आणि द्रवांच्या दाबण्यावरच्या दोघांच्या निबंधाला 1827 मध्ये अकादमीचं बक्षीसही मिळालं. पण परदेशी, वर प्रोटेस्टंट. धड नोकरी मिळाली ती 1830 च्या क्रांतीनंतरच.

1829 मध्ये त्याने एक प्रमेय दिलं होतं: बहुपदीची मुळं न शोधता, दिलेल्या दोन आकड्यांमध्ये ती किती आहेत हे मोजायचं. गंमत बघा, दांड्याच्या बाबतीतही त्याने हीच चाल खेळली. सूत्र मिळत नाही ना, नको मिळू दे. उत्तराचा आलेख शून्याला किती वेळा छेदतो, तेवढं सांगा.

कल्पना अशी. आलेख डाव्या टोकाला शून्यापासून सुरू करायचा आणि समीकरणातला तो आकडा हळूहळू वाढवत न्यायचा. आलेख जास्त जास्त हेलकावे खातो, छेदबिंदू डावीकडे सरकतात, आणि उजव्या टोकातून एकेक नवा बिंदू आत शिरतो. बिंदू बरोबर टोकावर असतो त्या क्षणी सीमेची अट पाळली जाते. सापडली आयगेनव्हॅल्यू! पहिलीच्या आलेखाला आत एकही छेद नाही, दुसरीच्या एक, तिसरीच्या दोन... अशा अनंत. दांडा कसाही असो.

हे छापून आलं 1836 मध्ये, जोसेफ लिउव्हिलने त्याच वर्षी काढलेल्या नियतकालिकात. लिउव्हिल तेव्हा सत्तावीस वर्षांचा. कोणतंही फंक्शन या नव्या आलेखांच्या बेरजेत कसं मांडायचं, ती बाजू त्याने उचलली. 1837 मध्ये दोघांचा एकत्र लेखही आला. पण मला जास्त आवडते ती दुसरीच गोष्ट. 1836 मध्ये अ‍ॅम्पियरच्या निधनाने अकादमीतली जागा रिकामी झाली. लिउव्हिल स्वतः उमेदवार होता. त्याने आणि द्युआमेलने स्टर्मसाठी माघार घेतली, आणि स्टर्म निवडून आला. प्रमोशनच्या सीझनला आपल्याकडे असं कुणी करेल? असो.

सूत्राचा नाद सोडणं ही हार होती का? याचं उत्तरही लिउव्हिलनेच दिलं. 1841 मध्ये त्याने रिकाटी समीकरणाबद्दल सिद्ध केलं, की आधीपासून माहीत असलेले काही खास प्रकार सोडले तर ते नेहमीच्या फंक्शन्स आणि इंटिग्रल्सनी सुटतच नाही. रिकाटी म्हणजे आपलंच सेकंड ऑर्डर समीकरण, वेगळ्या कपड्यात. म्हणजे लोक जे सूत्र शोधत बसले होते, ते बहुतेक वेळा अस्तित्वातच नव्हतं.

पुढे 1926 मध्ये श्रोडिंगरने अणूतल्या ऊर्जेचे टप्पे काढले तेही आयगेनव्हॅल्यू म्हणूनच. लेखाच्या नावातच तो शब्द आहे. आणि आज कंप्युटरवर अशा आयगेनव्हॅल्यू शूटिंग मेथडने काढताना आपण करतो काय? आकडा धरा, एका टोकापासून चालत जा, छेद मोजा. जास्त भरले तर आकडा कमी करा, कमी पडले तर वाढवा. तीस-चाळीस ओळींचा कोड. करून बघा, जाड-बारीक दांड्याचं उत्तर मिनिटात येतं.

स्टर्म 1855 मध्ये गेला. आयफेल टॉवरवर ज्या 72 जणांची नावं कोरली आहेत त्यात तो आहे. लिउव्हिल नाही.