दवंडी ते माइक : आवाज आपला, मग मोबदला कोणाचा?

व्हॉइसओव्हर हे नाव नवे आहे, काम नवे नाही. दुसऱ्याने ठरवलेला मजकूर आपल्या आवाजात लोकांपर्यंत पोचवणे, एवढाच त्याचा अर्थ. हे काम आपल्या समाजाने शेकडो वर्षे केले आहे. गावात हुकूम निघाला की तो वाडीवाडीवर ओरडून सांगायचा, माणसांना चावडीवर बोलावून आणायचे, कुणाच्या घरी मयत झाले की परगावच्या नातलगांना निरोप द्यायला उन्हापावसात चालत जायचे, ही महारकीची कामे होती. दवंडी कुठे महाराने दिली, कुठे मांगाने हलगी वाजवून दिली. हुकूम गावकीचा, घसा आमचा.

आज मिठबावसारख्या किनाऱ्यावरच्या गावातली आमची मुलेमुली विचारतात, मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून जाहिरातीत, डबिंगमध्ये, ऑडिओबुकमध्ये काम मिळेल काय? मिळू शकते. पण त्या वाटेला लागण्यापूर्वी आपल्या आवाजाचा इतिहास माहीत हवा. तो माहीत नसेल तर महागड्या माइकसमोर बसूनही आपण दवंडीच देत राहू.

दवंडी देणाऱ्याला मोबदला काय होता? थोडी वतनी जमीन, बलुत्याचे धान्य आणि नावापुरता सरकारी पैसा. १८७४ च्या वतन कायद्याने ही गुलामी कागदावर पक्की केली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात या कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यांनी दाखवून दिले की वतनदार महाराला चोवीस तास सरकारच्या दिमतीला राहावे लागते आणि तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या माणसाला कामावर हजर व्हावे लागते. कामाचे तास नाहीत, ठरलेले वेतन नाही, नकार देण्याची सोय नाही. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे आवाज विकत घेणाऱ्याने दर ठरवायचा आणि देणाऱ्याने निमूट द्यायचा, ही पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेली आहे.

ज्यांचा घसा गावभर वाजत होता त्यांना स्वतःचे म्हणणे मांडण्याची मुभा मात्र नव्हती. म्हणूनच ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या पाक्षिकाचे नाव बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ ठेवले. हा समाज मुका नव्हता, त्याला मुके ठेवले होते. त्याच ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही ‘केसरी’ तयार झाला नाही. आज जाहिरातीचा आवाज होऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. जाहिरातीच्या बाजारात आपल्याला पैसे मोजूनही जागा नव्हती, त्याला अजून फार पिढ्या झालेल्या नाहीत.

१९२७ हे साल या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण प्यायलो. चार महिन्यांनी, २३ जुलैला, मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झाले. एकीकडे माणसाला पाण्याजवळ जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता आणि दुसरीकडे आवाज हवेतून जात होता. हवेला विटाळ होत नाही. पण माइकसमोर कोणी बसायचे हे हवा ठरवत नव्हती, ते ठरवणारी माणसे होती.

त्या माइकसमोर बाबासाहेब बसले. १३ नोव्हेंबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, त्यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून भाषण केले. भारतीय कामगार हे युद्ध जिंकण्याचा निर्धार का करून आहे, हा विषय होता. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच त्यांनी आपले जीवनतत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी आणलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत, हे त्यांनी तिथे स्पष्ट केले. १९५६ च्या मे महिन्यात बीबीसीवरून त्यांनी आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो हे जगाला सांगितले. ज्या समाजाच्या माणसाला निरोप्या म्हणून राबवले, त्याच समाजाचा माणूस स्वतःचा मजकूर स्वतःच्या आवाजात जगाला ऐकवत होता. दवंडीची परंपरा तिथे मोडली.

रेडिओचा माइक सगळ्यांना मिळणार नव्हता. समाजाने मग स्वतःचे माध्यम उभे केले, ते म्हणजे आंबेडकरी जलसा. सत्यशोधक जलशांचा वारसा घेऊन भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगावी जलसे केले. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी आयुष्यभर वस्त्यावस्त्यांतून गाणी नेली. ना स्टुडिओ, ना साउंडप्रूफ खोली. एक ढोलकी, एक कंदील आणि समोर बसलेली माणसे. उच्चार कळले नाहीत तर विचार पोचणार नाही, हे भान त्या शाहिरांना पक्के होते. आपली आवाजाची पहिली प्रशिक्षणशाळा ही आहे.

आता भाषेच्या प्रश्नाकडे येऊ, कारण आमची मुले अडतात ती तिथेच. ‘तुझा आवाज चांगला आहे, पण बोलण्यात गावाकडचा वास येतो’, हे वाक्य अनेकांनी ऐकलेले आहे. ‘शुद्ध’ मराठी म्हणून जी मिरवली जाते ती प्रामुख्याने पुण्यातल्या उच्चवर्णीय घरांतली बोली आहे. शाळेची पुस्तके, रेडिओ आणि रंगभूमी यांनी तिला प्रमाण केले आणि बाकीच्यांना ‘अशुद्ध’ ठरवले. मालवणी मराठी नाटकात दिसायची ती बहुतेक करून घरगड्याच्या तोंडी, प्रेक्षकांना हसवण्यापुरती. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणीला स्वयंपाकघरातून रंगमंचाच्या मधोमध आणले. नाटकाचे हजारो प्रयोग झाले. बोली तीच, ‘माका-तुका’ तेच. बदलली ती बोलीची जागा.

पण इथे थांबून चालणार नाही. मालवणीला मान मिळाला म्हणून बौद्धवाडीच्या आवाजाला मान मिळाला, असे आपोआप होत नाही. आपले अनुभव आपणच नोंदवावे लागतात. ऊर्मिला पवार मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या. त्यांनी आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये सिद्ध केले. इतिहासाच्या पुस्तकांनी ज्या बायकांचा आवाज ऐकलाच नव्हता, तो त्यांनी ऐकला आणि टिकवला. पवारांचे ‘आयदान’ असो की गावातल्या आजीने सांगितलेली धर्मांतराची आठवण असो, हे साहित्य उद्या कोणाच्या तोंडून ऐकले जाणार? ज्याने ती भाषा कानांनी ऐकली आहे, त्याने ते वाचण्याची तयारी आजच केली पाहिजे.

तयारी म्हणजे काय? प्रमाण मराठी शिकायची, पण हत्यार म्हणून. ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’, ‘श’ आणि ‘स’ यांचा फरक जिभेला करता आला पाहिजे, कारण काम देणारा तो मागतो. मालवणी मात्र सोडायची नाही. दोन्ही बोलता येणाऱ्या कलावंताकडे दोन आवाज असतात. रोज अर्धा तास मोठ्याने वाचा, बाबासाहेबांची भाषणे वाचा. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा हे त्यातून जितके कळेल तितके दुसऱ्या कशातून कळणार नाही. आपल्या जिल्ह्यातले दशावतारी कलावंत लिहिलेल्या संवादांशिवाय रात्रभर बोलतात. त्यांच्या आवाजाची फेक कान देऊन ऐका. रेकॉर्डिंगला किनाऱ्यावरचा वारा आणि गाज आड येतात, तेव्हा रात्री आतल्या खोलीत, दारेखिडक्या लावून, भिंतींना गोधड्या टांगून बसा. तोंड आणि माइक यांत वीतभर अंतर ठेवा. जाहिरात, माहितीपट आणि कथा यांचे मिनिट-मिनिटाचे नमुने तयार ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, फुकट घसा द्यायचा नाही. ‘आधी एक काम असेच कर, पुढे बघू’ हा शब्द वतनाच्या काळातला आहे. आवाज कुठे, किती काळ आणि कोणत्या माध्यमात वापरणार, हे कागदावर घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्याने १९९४ मध्ये सादरीकरण करणाऱ्या कलावंताचे हक्क मान्य केले. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आपले नाव दिले जाण्याचा आणि सादरीकरणाची मोडतोड रोखण्याचाही हक्क दिला. आता यंत्र माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने परवानगीशिवाय अशी नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. नावाजलेल्या गायकाला न्यायालय गाठता येते. गावातल्या होतकरू मुलीला ते परवडणार नाही, म्हणून तिने करारातच लिहून घेतले पाहिजे की हा आवाज यंत्राला शिकवण्यासाठी वापरता येणार नाही. एकट्याने हे मागितले तर काम दुसऱ्याला जाईल, ही भीती खरी आहे. त्यावर उपायही जुनाच आहे : संघटित व्हा. आवाजाचे काम करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या तरुणांनी किमान दर एकत्र बसून ठरवावा आणि त्याखाली कोणी जाऊ नये.

आपल्या पूर्वजांचा आवाज गावाने वापरला आणि त्यांना वेशीबाहेर ठेवले. आपला आवाज बाजार वापरील. त्याची किंमत आणि अट या वेळी आपण सांगायची आहे.

जय भीम!